बुचाचं गाव

नोकरीचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले,
घर अजून नाही.
यादीत तीन जागा उरल्यात.
कॉर्क, मी आईला सांगते, आयर्लंडातलं बंदर आहे,
कॉर्क म्हणजे बूच.
जाळ्यात अडकलेली कुर्ली सोडवताना ती हसते,
"बरां. बूच बुडणा नाय."

पहिली जागा नदीकाठी, स्वस्त.
फोटोत पांढऱ्या भिंती, पांढरी उशी,
फुलदाणीत तीन फुलं, खोटी असावीत.
घरमालक लिहितो, वस्ती अगदी शांत आहे.
मी ते मराठीत वाचून दाखवते.
आई मान वर न करता,
"शांत तर बर्फाच्या कारखान्यामागे पण आसता."

मग हात पुसून तिने मोबाईल घेतला.
इंग्रजी तिला येत नाही,
नकाशाची गरज कधी पडली नाही.
मी शिकवलं, इथे बोट ठेव, ढकल, रस्ता सरकतो.
आणि ती चालायला लागली
एका परक्या शहरात, अनवाणी,
देवगडच्या आमच्या पडवीत बसून.

मी आकडे बघत होते:
चोऱ्या किती, मारामाऱ्या किती,
इस्पितळापासून किती मिनिटं, अनामत किती.
ती बघत होती दोरीवरचे कपडे.
"हे रातचे भायर रवतत काय?"
मला काय माहीत.
"मग इचार त्येका."
शटरांना कुलपं एक की दोन, ते बघितलं तिने.
खिडकीत कुंडी दिसली की थांबायची,
पाणी घालायला रोज कुणीतरी उभं राहत असणार तिथे.

दुसरी जागा चढावर, बेकरीच्या वर.
कुंपणाशी पोरांच्या सायकली आडव्या पडलेल्या.
एका दारात खुर्ची, खुर्चीत म्हातारा.
"ह्येचा तोंड खंय गेला?"
पुसतात गो, सगळ्यांचीच, तसा नियम आहे.
तिने तो पुसट चेहरा जवळ आणला, लांब नेला.
"आसांदे. पण बसलोहा."
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच,
"दारात बसाक गावता हयसर."

तिसरी जागा तिने बघितलीच नाही.
बसथांब्यापासून बेकरीपर्यंत
दिवे मोजायला लावले मला.
चौदा.
परत मोज.
चौदाच.
यातले पेटतात किती, ते फोटोवरून कळेना,
फोटो दुपारचा होता.

तेव्हा सहज, हिशेब म्हणून,
मी आमचे मोजले.
जेटीपासून घरापर्यंत तीन खांब.
एक पेटतो, एक वादळात वाकला,
तिसऱ्यावर पक्ष्याचं घरटं आणि एका उमेदवाराचा फलक.
मधे तो कारखाना.
शाळेत असताना तिथून मी धावत यायचे,
का धावायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.
मुलींना ते येतंच.

आई, तू कशी जातेस गं,
पहाटे तीनला, एकटी?

तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारलं.
ती उठली. कोपऱ्यातली पाटी ओढली,
गोणपाट काढलं, चुंबळ काढली,
तळाशी हात घातला
आणि प्लास्टिकच्या पिशवीतून
एक सुरी काढून माझ्यापुढे ठेवली.
मासे कापायची नव्हती ती.
मासे कापायची मला ओळखता येते.
हिची मूठ कापडाने गुंडाळलेली,
कापड हाताच्या आकाराचं झालेलं.

"वापरूचा लागाक नाय कधी," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"एकदाच दाखवलंय."

कुणाला, ते मी विचारलं नाही.
तिने सांगितलं नाही.
मांजर कुर्लीपाशी आलं, तिने हाकललं.

बेकरीवाल्या घराला मी होकार कळवला,
अनामत जास्त होती तरी.
काचेवर तिच्या बोटाचं एक खवलं चिकटलं होतं,
त्या चढावाच्या मधोमध.

"ह्या इमानात न्हेवक देतले?"
नाही, म्हटलं. काढून घेतात.
तिने सुरी पिशवीत घातली, पिशवी पाटीत,
वर चुंबळ, वर गोणपाट.
साडेनऊ वाजले होते.
तीनला निघायचं होतं तिला.